मोहरीएवढा खडा

वॉच ग्लास उलटी होती. त्या सकाळी प्रयोगशाळेत शिरलो, खिडक्या उघडल्या, कोट चढवला, आणि टेबलाच्या कोपऱ्यातल्या बीकरवर नजर गेली तेव्हा आधी काहीच कळलं नाही. नुसतं खटकलं, ओळखीच्या माणसाने मिशी काढल्यावर खटकतं तसं. बीकरवर झाकण म्हणून मी काचेची ती उथळ बशी ठेवतो ती पोट खाली करून, म्हणजे वाफेचे थेंब पोटाशी जमतात आणि परत बीकरमध्येच पडतात. इतक्या वर्षांत हात त्याच वळणाचा झाला आहे. झोपेतसुद्धा मी ती दुसरी ठेवणार नाही. आता तिचं पोट वर होतं. थेंब कडेने ओघळून टेबलावर सुकले होते आणि तिथे एक केशरी कडं उमटलं होतं. म्हणजे कोणीतरी झाकण काढलं होतं. नुसतं पाहिलं असेल, काही घेतलं असेल, किंवा काही टाकलं असेल. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सत्यवान शीळ घालत नळ्या धूत होता. तो कुडाळचा, मी मालवणकडचा. दोघांच्या मध्ये बर्नरचा एकच नळ. घरून आलेली सुकट आम्ही एकाच डब्यातून खात असू. "झाकण तू काढलंस?" मी विचारलं. "खंयचा झाकण?" तो म्हणाला. मी बोट दाखवलं. "मी कित्याक काढू? झाडूवाल्यान हलवल्यान असात." आणि मग हसून, "सोना आसा काय रे त्येच्यात?" उत्तर जरा लवकर आलं असं मला वाटलं. हसू उशिरा आलं असंही वाटलं. दोन्ही गोष्टी मी मनात ठेवल्या, आणि त्या दिवसापासून सुकट माझ्या घशाखाली नीट उतरली नाही.

सोनं नव्हतं, लोखंड होतं. लोखंडाचा एक अणू, त्याच्या वर एक आणि खाली एक अशी कार्बनची दोन पंचकोनी कडी. दोन भाकऱ्यांमध्ये गुळाचा खडा दाबून धरावा तशी. अशा पदार्थाचा शोध लागून दहा-अकरा वर्षंच झाली होती आणि जगभरचे रसायनवाले त्याच्या मागे लागले होते. हे लोखंड गंजत नाही, चुंबकाला दाद देत नाही, केशरी दिसतं आणि कापरासारखा वास देतं. मला ते प्रथम दाखवण्यात आलं तेव्हा वाटलं होतं की लोखंडाने वेषांतर केलं आहे. माझं काम एवढंच, की त्या कड्यांना बाहेरून अणूंचे दोन हात जोडायचे. हात जोडले गेले होते, यात शंका नव्हती. प्रश्न होता ते दोन्ही एकाच कड्यावर बसले की दोन कड्यांवर एकेक. मी म्हणत होतो, एकाच. तसं कोणी अजून केलेलं नव्हतं. सर म्हणत होते, "तुमच्याकडे दोन्हींचं मिश्रण आहे. मिश्रणावर प्रबंध होत नाही." मग दातात काडी घालून, "चांगला एक खडा आणा. क्ष-किरणांखाली धरू. मोहरीएवढा पुरे. खडा खोटं बोलत नाही." मे महिन्यात माझी शिष्यवृत्ती संपणार होती. जर्मनीहून यायचा कच्चा माल सरहद्दीवर युद्ध सुरू झाल्यापासून बंदरातच अडकला होता, तेव्हा नव्याने पदार्थ बनवणं अशक्य. हाताशी होता तो चमचाभर. आणि त्या चमचाभरातून दोन वर्षांत एक खडा येत नव्हता. कधी तेलकट थर बसे, कधी पिठूळ चुरा. त्यात ही वॉच ग्लास. मी त्या बीकरमधल्या पदार्थाचा वितळणबिंदू घेतला. आधीची खेप एकशे चोवीस अंशांवर चट्‌ वितळली होती; सरांना तेवढा पुरावा पुरत नव्हता, मला पुरत होता. ही एकशे सोळापासूनच मऊ पडू लागली. शुद्ध पदार्थ एका क्षणी वितळतो. भेसळीचा रेंगाळतो. सर पहिल्या वर्षी म्हणाले होते, बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा केमिस्ट फार दिवस केमिस्ट राहत नाही. ते वाक्य तेव्हा मी विनोद म्हणून ऐकलं होतं. आता रात्रंदिवस ते माझ्याच आवाजात ऐकू येऊ लागलं.

म्हणून मी पदार्थ पुन्हा शुद्ध केला, बुचाच्या नळीत घातला, शुद्ध अल्कोहोलची बाटली, लहान बीकर, थर्मामीटर आणि काचेच्या केसासारख्या नळ्या कापसात गुंडाळल्या, आणि रजा काढून बोटीने घरी आलो. आईला वाटलं, मी बायकोच्या ओढीने आलो. सुगंधालाही तसं वाटलं असावं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मुंबईत जागा नव्हती, आणि आम्ही एकत्र काढलेले सगळे दिवस मिळून एखादा गणपती आणि एखादी होळी एवढे भरले असते. मला निवांत, थंड, कोणी न हलवणारी जागा हवी होती. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे आई भाताचं बियाणं ठेवी, तिथे दगडी कोनाड्यात मी अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या पदार्थाची बाटली ठेवली, आणि अल्कोहोल हळूहळू उडून जावं म्हणून तोंडावर भोकं पाडलेला कागद दोऱ्याने बांधला. सुगंधा दारात उभी राहून बघत होती. "ह्या काय जमला नाय तर?" तिने विचारलं. मुंबईत राहून माझी बोली अर्धी झाली होती. मी पुस्तकी बोलू लागलो. म्हटलं, कधी कधी खडा आपणहून धरत नाही, तेव्हा त्याच पदार्थाचा एक बारीक कण टाकतात, बाकीचं त्याच्याभोवती जमत जातं. त्याला बी म्हणतात. "मगे टाका मां." माझ्याकडे चांगला कण असता तर एवढं कशाला, मी म्हणालो. "घरात दह्याक इरजाण नसला तर आमी शेजारसून हाडतो," ती म्हणाली, "तुमचो तो कुडाळचो शेजारी देयत नाय?" तिने हे सहज म्हटलं. मला मात्र त्या अंधारात तिच्या चेहऱ्याकडे नीट बघावंसं वाटलं. सत्यवानाबद्दल मी तिला पत्रातून काय काय लिहिलं होतं ते आठवू लागलो.

आठवड्याने देवळात गाऱ्हाणं झालं आणि रवळनाथाने गावपळणीचा कौल दिला. आमच्याकडे हे काही वर्षांनी होतं. तीन दिवस गाव रिकामा करायचा. माणसं, गुरं, कुत्री, खुराड्यातली कोंबडीसुद्धा वेशीबाहेर. गावात कोणी श्वास घ्यायचा नाही. का, हे लहानपणी मी फार जणांना विचारलं आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं. या वेळी मला कारण नको होतं. बाटली हलवता येणार नव्हती. पदार्थाने गच्च भरलेलं द्रावण हिसक्याने एकदम पीठ होतं. पण हलवायची गरजच काय? साऱ्या पंचक्रोशीत एवढी सुरक्षित खोली कुठे मिळणार? झाडूवाला नाही, सत्यवान नाही, पंखा नाही, पावलांचा हादरा नाही. देवाने माझ्यासाठी प्रयोग मांडून दिला होता आणि अटही स्वतःच घातली होती. मी गाय सोडून पुढे निघालो, आई कोंबड्यांची टोपली घेऊन माझ्यामागून. सुगंधा शेवटी निघाली. ती कुलूप लावून वळेपर्यंत आम्ही व्हाळाच्या पाण्याशी पोचून तिची वाट बघत होतो, आणि ती यायला जरा वेळ लागला. एवढा वेळ कशाला, म्हणून मी विचारलं. "दिवो इजवलंय, पाणी ओतलंय, मांजराक भायर काढलंय. आनी काय काय सांगू?" तिच्या पदराच्या टोकाला देवळातल्या प्रसादाची खडीसाखर बांधलेली होती. गाठ मी पाहिली. का पाहिली, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

खाडीच्या पलीकडे, तोंडवलीच्या बाजूच्या सुरूंखाली, माडाच्या झापांची खोपटी उभी राहिली. ज्यांचं वर्षभर एकमेकांशी बोलणं नव्हतं ते शेजारी शेजारी चुली मांडून बसले. वाळूत भजनं झाली, पत्त्यांचे डाव पडले, ताजे तारले मासे भाजले गेले. सगळा गाव जत्रेत आल्यासारखा वागत होता. दोघेचौघे मात्र माझ्यासारखे गावाकडे तोंड करून बसत आणि तिकडून धूर निघतो का ते बघत. शेजारची तुळसाकाकी पाय पसरून माझ्यासमोर बसली. "गुरुदासा, तुझा मुंबैत औषधाचा दुकान आसा मां? माज्या ढोपराक काय तरी दी रे." मी म्हटलं, काकी, दुकान नाय, मी लोखंडावर काम करतंय. "लोखंडार? म्हणजे लोहार?" लोखंडाचा एक केशरी पदार्थ असतो तो, मी म्हणालो. "केशरी लोखंड!" ती बाकीच्या बायकांकडे वळली. "अगो, गंज गो! माज्या कोयत्याक वरीसभर येता. तेच्यासाठी ह्येका सरकार पगार दिता!" सगळ्याजणी हसल्या, सुगंधाही हसली, तोंडावर पदर धरून. तेव्हा मला दिसलं की पदराच्या टोकाची गाठ सुटलेली आहे.

आता हे किती हास्यास्पद आहे ते मला कळत होतं. पण कळणं आणि थांबणं यांच्यामध्ये एक जागा असते आणि मी त्या महिन्यात तिथेच राहत होतो. अल्कोहोलमध्ये साखर विरघळत नाही. केशरी द्रावणात खडीसाखरेचा बारीकसा खडा टाकला तर तो वरून रंग धरील आणि अंधाऱ्या खोलीत हुबेहूब स्फटिकासारखा दिसेल. मी तिला बी म्हणजे काय ते सांगितलं होतं. नवऱ्याचं काम व्हावं, देवाचा प्रसाद आहे, बिघडणार तर नाहीच. असा विचार करायला वाईट माणूस असावं लागत नाही. वाईट माणसाचा संशय घेणं त्या मानाने सोपं. सत्यवानाच्या बाबतीत मला निदान राग तरी येई. संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "प्रसाद खाल्लास काय गो?" ती म्हणाली, "तुळसाकाकीच्या नातवाक दिलंय. रडत होतो." मी थोड्या वेळाने तुळसाकाकीजवळ जाऊन नातवाबद्दल काहीबाही बोललो, आणि मध्येच, त्याला खडीसाखर आवडते वाटतं? "त्या मेल्याक काय आवडत नाय! दिसभर सगळ्यांच्या खोपटांसून खात फिरता. कोण काय दिता माका काय ठावक!" हे उत्तर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुगंधा खोपटात नव्हती. तोंडवलीत तिची मावशी होती, तिच्याकडे गेली असं आई म्हणाली. मी वाळूवर बसून हिशेब करत होतो: ओहोटीला खाडी उतरून घरी जाऊन परत यायला तेवढा वेळ पुरेल का. ती आली तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता. मावशीने दिलेली कोकमाची सोलं तिने माझ्यासमोर उघडली. ती खरीच सोलं होती. ओला काठही समुद्रावरून आल्यावर असतोच. "असा काय बघतास?" ती म्हणाली. "माका पयल्यांदा बघतास काय?" त्या वाक्यात थोडी लाज होती, थोडा आनंदही. मी मान वळवली. तिला जे वाटलं ते खरं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटल्याचं आठवतं.

चौथ्या दिवशी सकाळी परतायचा कौल मिळाला. गुरं पुढे, मागून टोपल्या, गाडगी, माणसं. कित्येक दारं एकदम उघडण्याचा आवाज मी त्या दिवशी ऐकला. आमच्या घरात बंद घराचा वास होता आणि त्यात, अगदी पुसट, कापराचा. खोलीत शिरलो. कागदावरची गाठ माझीच होती. पण तशी गाठ मी सुगंधाला शिकवलेली होती. कंदील जवळ धरला. बाटलीच्या भिंतीवर पातळ पापडी धरली होती, आणि तळाशी, कडेपासून जरा आत, एकटा, एक खडा होता. मोहरीएवढा. सहा पैलू मला मोजता आले. कंदील हलवला की आतून प्रकाश सरके, आणि रंग नुसता केशरी राहत नसे. मधाकडे जाई, परत येई. दोन वर्षं ज्याच्यासाठी घालवली तो माझ्या अपरोक्ष, कोणी नसताना, शांतपणे झाला होता. मी आनंदलो. हे लिहून ठेवायला हवं, कारण तो आनंद खरा होता आणि एका श्वासाएवढाच टिकला. दुसऱ्या श्वासाला मी खडा चिमट्याने बाहेर काढला, टिपकागदावर ठेवला आणि सुगंधाला हाक मारली. "ह्या काय तू टाकलंस?" ती ओल्या हाताने आली होती. खड्याकडे बघून तिचा चेहरा फुलला. "जमलो?" "तू काही टाकलंस काय? प्रसादातलं? खरं सांग." चेहरा तसाच राहिला, नुसता त्याच्यातला उजेड गेला. "मी हात लावूक नाय," ती म्हणाली. मी वाटीत पाणी घेतलं. साखर असती तर पाण्यात गेली असती. खडा तळाशी जाऊन बसला आणि बसून राहिला. आम्ही दोघं वाटीवर वाकून बघत राहिलो, तिचा श्वास पाण्यावर उमटत होता. खड्याची एक कडसुद्धा बोथट झाली नाही. "झाला समाधान?" तिने विचारलं, आणि ती हसली. तिने मला तेवढ्यात माफ केलं होतं, असं आता वाटतं. इथे थांबता आलं असतं. खडा कापसात ठेवायचा, बोट पकडायची. दारात तुळसाकाकी ओरडून काहीतरी मागत होती, आई गाईला बांधत होती, सगळा गाव पुन्हा घरांत शिरत होता.

पण साखर नाही म्हणजे माझाच पदार्थ, असं कोण म्हणतं? मुंबईत कोणी काही मिसळलं असेल आणि मी ते पुरतं धुऊन काढलं नसेल, तर त्या भेसळीचाच सुंदर खडा व्हायचा संभव जास्त. नको असलेला पदार्थ नेहमी आधी आणि देखणा येतो. सर तो बंगलोरला पाठवतील, तिथे तो क्ष-किरणांखाली धरतील, महिनोन् महिने फोटो काढतील, आणि मग सरांना पत्र येईल: तुम्ही पाठवला तो पदार्थ भलताच आहे. सत्यवान शीळ घालत असेल. बाटलीच्या भिंतीवरची पापडी तपासून उपयोग नव्हता. पापडी माझी आणि खडा परका, हेही शक्य होतं. तपासायचा तर खडाच. मोहरीएवढ्यातून कोपरा काढता येत नाही. मी दोन चमचे घेतले. "आता कित्याक?" सुगंधा म्हणाली. "आता तर तो खरो मां?" मी खडा पाण्यातून काढून टिपला आणि चमच्यांमध्ये धरला. दाबताना आवाज झाला, पापड मोडण्याहून लहान. केशरी पीठ झालं. त्यातलं नळीत भरलं, नळी थर्मामीटरला दोऱ्याने बांधली, मागच्या पडवीत शेगडीवर बीकरमध्ये खोबरेल तापत ठेवलं आणि थर्मामीटरसकट नळी त्यात सोडली.

ती शेजारी उकिडवी बसली. तेलातून वाफांच्या रेषा हलू लागल्या. "माज्या म्हायेराक म्हातारी सांगी," ती म्हणाली, "पयल्या काळात चोर कोण तो बघूक देवळात असाच तेल तापवत. मगे त्यात हात घालूचो. भाजलो तर चोर." "आणि नाही भाजला तर?" मी पाऱ्यावरची नजर न काढता विचारलं. "न भाजलेलो कोणी बघूक नाय." ती हसली, मीही हसलो, आणि लगेच मला जाणवलं की तिने हात पदराखाली घेतले आहेत. पारा शंभरच्या वर गेला. एकशे दहा. एकशे सोळाला मी श्वास धरला. पीठ कोरडंच उभं होतं, भिंतीला लागलेलं, कण न् कण वेगळा. एकशे वीस. आणि मग एकशे चोवीसवर, पापणी लवावी तसं, ते सगळं एकदम स्वच्छ झालं. रेंगाळलं नाही. नळीच्या बुडाशी एक केशरी थेंब राहिला, आरपार दिसणारा.

"काय झाला?" तिने विचारलं.

"माझाच होता. शुद्ध."

"म्हणजे त्या कुडाळच्या माणसान काय करूक नाय."

"नाही."

"मगे दुसरो होयत मां? बाटलेत आसा थोडा."

बाटलीत होतं ते मी डोळ्यांसमोर आणलं. जे यायचं ते बहुतेक त्या खड्यात आलं होतं; उरलं होतं त्यातून पापडीच येत राहील. जर्मनीचा माल कधी सुटेल ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि मे महिना मात्र ठरलेला होता. मी तेलातून थर्मामीटर वर काढला, दोरा सोडला, काच पुसली. निथळून तो उजेडात धरला. पारा हळूहळू खाली येत होता. प्रयोगशाळेच्या सामाईक खणातून मी तो उचलला होता. खणाची किल्ली माझ्याकडे आणि सत्यवानाकडे असे. तो कधी कोणी ताडून पाहिला होता का, आठवेना. एकशे चोवीस तो म्हणतो. तो चारसहा अंश वर दाखवत असेल तर? उकळत्या पाण्यात त्याने बरोबर शंभर दाखवायला हवेत.

सुगंधा उठली होती, फडक्याने धरून तेलाचा बीकर बाजूला करत होती.

"सुगंधा," मी म्हणालो, "शेगडीवर जरा पाणी उकळूक ठेव."

ती वळली. "चायेक?"

मी थर्मामीटरकडे बघत राहिलो.